रेडिओवर वारलेला मॅलकी टूही

सत्तरीचा मॅलकी टूही दर गुरुवारी मेंढ्या घेऊन बाजाराला येई. त्या गुरुवारी त्याला पाहताच दुकानदारीण ब्रीजच्या हातून अंडी पडली.

"मेल्या, तू जिवंत?"

"सकाळपर्यंत तरी होतो. का गं?"

"रेडिओवर वारलेल्यांच्या यादीत तुझं नाव सांगितलं! आज अकरा वाजता चर्चमध्ये दफन आहे तुझं!"

मॅलकी गोंधळून चर्चमध्ये गेला. वारला होता पलीकडच्या खेड्यातला त्याच्याच नावाचा माणूस. त्याच्या मागे कुणीच नव्हतं. गर्दी सगळी मॅलकीसाठी जमलेली. त्याला बघून लोकांना हसावं की रडावं कळेना. आपल्यासाठी एवढी माणसं येतील, हे त्यालाही खरं वाटेना. शेवटी त्या अनोळखी माणसाच्या शवपेटीला त्यानेच खांदा दिला, तशी सगळी गर्दी त्याच्या मागोमाग निघाली.