डबीवर आईचं नाव

नेरच्या एका लॅबमध्ये मी शौच तपासते. बाया डबी पदराआड लपवून आणतात, तेव्हा मी म्हणते, "लाजता कायले? माहं पोट याच्यावरच चालते." घरी आल्यावर जेवायला बसलं की नाक दाबून दिवसभरात कुणाच्या डबीत काय निघालं ते रंगवून सांगायचे. सगळे हसायचे. आई तेवढी मान खाली घालून जेवायची. तिला किळस येत असेल, असं मला वाटायचं.

आई आयुष्यभर आमच्या शेतात अनवाणी राबली. धुऱ्यावर चप्पल काढल्याशिवाय वावरात पाय ठेवायची नाही. "मायच्या अंगावर कोनी चप्पल घालून चालते काय व?" असं मलाच सुनवायची. हुकवर्म नावाचा जंत मातीतून तळपायात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो, हे मी तिला शंभरदा सांगून पाहिलं होतं.

मागच्या वर्षी कापूस वेचताना तिला धाप लागायला लागली. नखं पांढरीफटक झाली. डॉक्टरांनी आधी शौच तपासायला सांगितलं. डबीवर तिचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. सकाळी निघताना वहिनीनं भरलेली डबी हातात दिली. मी सूक्ष्मदर्शकाखाली एकाऐवजी तीन काचा पाहिल्या. जंताचं एकही अंडं नव्हतं. लॅबमधूनच आनंदानं फोन केला, "आई, पोट एकदम साफ हाय तुहं!" ती म्हणाली, "बरं झालं व बाई."

त्यामुळे जंताचं औषध राहून गेलं. रक्त वाढायच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि रक्त जातंय कुठं ते शोधायला यवतमाळची तारीख मिळाली. त्या तारखेच्या चार दिवस आधी तिचं हृदय बंद पडलं.

तेरवी झाल्यावर भांडी घासता घासता वहिनी एकदम रडायला लागली. "ते डबी माह्या पोरीची होती. आई म्हणे, लेकीले माही घाण कायले दाखवू? जेवताना हासत सांगन थे सगळ्याइले."

मी तिच्यावर ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. ती बिचारी राखेच्या हातांनी डोळे पुसत ऐकत राहिली.

एका गोळीनं मेले असते ते जंत. आणि जिनं माझे लंगोट धुतले, त्या माझ्या आईला माझ्या हसण्याची भीती वाटली.