'चाल बे' म्हणणारा गायक

वर्धा स्टेशनावर उतरलो तेव्हा आभाळ मळकट होतं. घ्यायला विलास स्वतः आला होता, गळ्याला मफलर गुंडाळून. आमच्या रॉक बँडचा हा गायक. कॉलेजपासून साठी उलटेपर्यंत तो पुढे गायला आणि मी मागे ड्रम बडवले. सोमवारी त्याचं घशाचं ऑपरेशन होतं; स्वरयंत्रच काढणार होते. अल्बमचं एक गाणं बाकी होतं, त्यासाठी मी पुण्याहून आलो होतो.

"काऊन बे, तोंड पाडून राह्यला?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मेलो नाई अजून."

स्टेशनाबाहेर तर्री-पोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. म्हणजे मी खाल्ले. त्याला गिळवत नव्हतं. "मले फक्त वास घेऊ दे," म्हणत त्यानं माझी प्लेट नाकाशी धरली.

आमचा गिटारवाला प्रकाश गाडी घेऊन आला आणि आम्हाला थेट गिरडच्या दर्ग्याला घेऊन गेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणी झालेली कपाशी उभी होती, काळी आणि वाळकी. प्रकाश टेकडीवर आत गेला. विलास खाली पायरीवरच बसला. प्रकाशनं काय मागितलं ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिपरी मेघेला, प्रकाशच्या घरी बसलो. वरची खोली हाच स्टुडिओ. कापसाचा मुलूख, त्यामुळे आवाज अडवायला भिंतींना गाद्या ठोकलेल्या. विलासला घसा राखायचा होता. त्यानं नुसती मान हलवून सुरू करायचा इशारा केला.

आम्ही कुणीच सुरू केलं नाही.

पुन्हा मान हलली. गिटार आधी आली, मी मागाहून, सगळा बट्ट्याबोळ. रेकॉर्डिंग करणाऱ्या ताई वैतागल्या. "काका, हातानं इशारा करा ना." तोही करून पाहिला. पण इतकी वर्षं प्रत्येक गाण्याआधी विलास 'चाल बे' (चल रे) म्हणायचा. इतर बँड आकडे मोजतात. आमचे हात या दोन शब्दांशिवाय उठतच नव्हते. म्हातारे बैल बरे, निदान चाबूक तरी ओळखतात.

विलासनं मफलर सोडला. "चाल बे," तो म्हणाला, जुन्या, भरल्या आवाजात.

आम्ही एकदम सुटलो. तो गायला, फाटत, ओढत गायला. शेवटच्या ओळीला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. आम्ही वाजवतच राहिलो. मला रडू आवरलं नाही.

"सुरुवातीचं 'चाल बे' कापू ना?" ताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं.

विलासनं नकारार्थी मान हलवली. "राहू द्या ताई," प्रकाश म्हणाला. "शेवटची ओळ नाई, तं नाई. हे राह्यलंच पाह्यजे."

दुपारी दोघं मला स्टेशनावर सोडायला आले. विलासचा आवाज त्या गाण्यातच संपला होता. मी खिडकीत बसलो. वर्ध्याकडे निरोप घेतानाही 'चाल बे'च म्हणतात, हे सांगायचं राहिलं. गाडी हलली तेव्हा विलासचे ओठ हलले.

ऑपरेशन पार पडलं, असं प्रकाशनं कळवलं. ते गाणं आता माझ्या फोनवर आहे. मी त्याचे पहिले दोन शब्द ऐकतो आणि बंद करतो. हात मात्र उठलेले असतात.