अंघोळीआधीची गोळी

"खाऊन खाऊन सुजली आहेस तू," असं मी एकदा अक्काला म्हणालो होतो. लिहिताना हात अडखळतो, पण सुरुवात तिथूनच करायला हवी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली, पुढच्याच वर्षी आई गेली आणि मला तिनंच वाढवलं. मला ती तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरांत निम्मी नाती कानडीतूनच हाकारली जातात. ती कडक सोवळ्याची. जेवण दिवसातून एकदाच आणि संध्याकाळी पेलाभर दूध. अशा बाईला मी ते वाक्य ऐकवलं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही राजाजीनगरात नवं घर बांधून नुकतेच राहायला गेलो होतो. कारखान्यातले माझे साहेब रविवारी जेवायला यायचे होते आणि अक्का चुलीपुढे बसल्या बसल्या झोपली. भात करपला. साहेब निघून गेल्यावर मी ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "हो रे, झोप येते खरी." त्या दिवसापासून तिनं दूध बंद केलं. बायकोनं ते माझ्या कानावर घातलं तेव्हा मी म्हणालो, काहीतरी व्रत असेल.

पुढच्या वर्षभरात ती आणखी सुजली, आणि आणखी मंदावली. आवाज असा घोगरा झाला की शेजारीण दाराबाहेरून विचारायची, घरात कोण पुरुषमाणूस आहे? भर चैत्रात ती स्वेटर घालून बसायची. जप करताना माळ हातातून गळून पडायची. मी मनात म्हणायचो, आता वय झालं. वय होतं बावन्न.

डॉक्टरांकडे न्यायचा हट्ट माझा नव्हता, बायकोचा. ती पुण्याची, एकदा बोलली की मागे हटत नाही. कँटोन्मेंटातल्या वयस्क डॉक्टरांनी अक्काला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण परत यायला त्यानं इतका वेळ घेतला की जणू त्यालाही झोप आली होती. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली ग्रंथी काम करेनाशी झाली आहे. तिच्यातून सुटणारं हार्मोन बाहेरून द्यावं लागेल, आणि ते जन्मभर. मग ते इंग्रजीत माझ्याशी बोलू लागले, कारण अक्काला इंग्रजी येत नव्हतं. गोळ्या मेंढीच्या ग्रंथी वाळवून केलेल्या असतात, तुम्ही शाकाहारी दिसता, म्हणून सांगतो. गोळ्या घेतल्या नाहीत तर ही बाई अशीच मंदावत जाईल आणि एक दिवस उठणार नाही.

अक्कानं विचारलं, "काय म्हणाले रे?"

"गळ्यासाठी गोळ्या आहेत," मी म्हणालो.

परतताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. कांदासुद्धा न खाणारी माझी बहीण. मी ठरवलं, सांगायचं नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आज ना उद्या सांगावं लागेल. त्यांच्या तोंडात जाणारी वस्तू आहे ती." मी तिलाही गप्प केलं.

गोळी एकदम पुरी द्यायची नव्हती. इतके दिवस मंद चाललेल्या हृदयाला जोर सोसत नाही, म्हणून आधी पाव, पंधरवड्यानं अर्धी, असं वाढवत न्यायचं होतं. बाटली देवाजवळ असायची, मी दाढीच्या पात्यानं गोळीचे चार तुकडे करायचो. अक्का सकाळी देवपूजा आटोपली की उजवा तळवा पुढे करायची, खाली डावा हात धरून, तीर्थ घेतात तसा. त्यात मी तो तुकडा ठेवायचो आणि ती तुळशीच्या पाण्याबरोबर गिळायची. रोज मी नजर दुसरीकडे वळवायचो.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की महिना-दीड महिना थकवा तसाच राहील. लोक याच दिवसांत कंटाळून औषध सोडतात. थकव्याशी भांडू नका, तो यायच्या आधीच आडवं व्हायला सांगा, आणि बसून होणारं काम उभ्यानं करू देऊ नका. आम्ही सुताराकडून साधं स्टूल करून घेतलं. धुऊन घेतलं की ते सोवळ्यात चालतं, असा निकाल अक्कानंच दिला. दिवसाला एकच मोठं काम, बाकीची आमची, असं ठरलं. दुपारच्या जेवणानंतर दोन तास तिनं झोपायचं आणि आम्ही कुणी त्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. तो शब्द पूर्वी कोण काढत असे, ते सगळ्यांना माहीत होतं.

अडचण होती तिच्या सोवळ्याच्या लुगड्याची. उंच दांडीवर काठीनं ते वाळत घालायला तिचे हात वर जाईनात आणि ओवळ्यात कुणी त्याला शिवायचं नाही. मग मी पहाटे अंघोळ करून ओल्या पंचानं गच्चीवर जाऊ लागलो. सोवळं सोडून मला वीस वर्षं झाली होती. शेजारीण माझ्या बायकोला म्हणाली, तुमच्याकडे नवा भटजी आलाय का? दोनदा माझी कारखान्याची बस चुकली. अक्का मात्र खालून सांगायची, "तम्मा, स्वल्प डावीकडे ओढ. सुरकुती राहिली."

महिना गेला, काही फरक नाही. एक दिवस ती म्हणाली, पुरे झालं हे औषध, उगीच तुम्हाला त्रास. मी तिला आणखी पंधरा दिवस मागितले. तेवढ्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, दूधवाल्याला पाणी घालतोस म्हणून दटावणारा. आवाज तिचा होता, जुना. ज्येष्ठात स्वेटर पेटीत गेला. चेहऱ्याची सूज उतरली आणि मला माझी बहीण पुन्हा दिसायला लागली.

आषाढात वडिलांचं श्राद्ध. अक्का म्हणाली, "दोन वर्षं आचाऱ्याच्या हातचं झालं. यंदा मी करणार. सोवळ्यात, सगळं."

श्राद्धाचा स्वयंपाक, आणि तिच्या पोटात मी घातलेली ती गोळी. त्या रविवारी दुपारी ती गच्चीवर तांदूळ निवडत होती. मी समोर जाऊन बसलो आणि सांगून टाकलं.

तिचा हात सुपात थांबला. "कशाची म्हणालास?"

"मेंढीची."

"चैत्रापासून?"

"हो."

"तुळशीच्या पाण्याबरोबर," ती म्हणाली आणि सूप घेऊन खाली गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं तळवा पुढे केला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होती, त्यामुळे मला काही मागताच येईना, क्षमासुद्धा. आठवडा झाला आणि तिचा आवाज परत जड होऊ लागला. बायको म्हणाली, "तुम्ही आता काही बोलू नका. त्यांना ठरवू द्या." आयुष्यात पहिल्यांदा मी तसं केलं.

दहाव्या दिवशी अक्का उडीद निवडता निवडता भिंतीला टेकून झोपली. मी शेजारी बसून राहिलो. तासाभरानं तिनं डोळे उघडले, मांडीवरचं ताट पाहिलं, मग मला पाहिलं.

"जागं राहायची चटक लागलीय रे मला," ती म्हणाली.

मी तिच्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. हे मलाही कळतं. तरी विचारायला हवं होतंस, तम्मा. माझा जीव माझा आहे."

"चुकलंच माझं. आणि ते भाताच्या दिवशीचं..."

"ते राहू दे आता," ती म्हणाली. "ती बाटली देवाजवळून हलव. न्हाणीच्या खिडकीत ठेव. उठल्यावर मी आधी गोळी घेणार, साध्या पाण्यानं, माझ्या हातानं. मग अंघोळ. अंघोळ झाली की मी सोवळ्यात. सरी?"

"सरी," मीही कानडीतूनच होकार दिला. नंतर डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, रिकाम्या पोटी तर अधिकच उत्तम. मात्र दहा दिवस खंड पडला होता म्हणून त्यांनी पुन्हा थोडं खालून चढवायला सांगितलं.

श्राद्धापर्यंत पूर्वीची ताकद आली नव्हती. अक्कानं फक्त खीर आणि वडे आपल्याकडे ठेवले, स्टुलावर बसून केले. बाकी सगळं माझ्या बायकोनं केलं, पहिल्यांदाच अक्काच्या सोवळ्यात. दोघी मिळून मला ओरडत होत्या की मी ओल्या पंचानं उंबऱ्यात गर्दी करतो. ब्राह्मण जेवून उठले तसा अक्कानं पदर खोचला, म्हणाली, "मी दोन तास झोपते," आणि कुणाकडेही न बघता जाऊन झोपली.

संध्याकाळी दूधवाला आला. तिनंच दार उघडलं आणि भांडं पुढे केलं. "उद्यापासून एक पेला जास्त घाल. माझ्यासाठी," ती त्याला म्हणाली. मी मागेच उभा होतो. तिनं वळून पाहिलं नाही, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.