बेलपानाचा ठसा

केजच्या बाजारपेठेत रुद्रप्पाचं मोडीच्या चांदीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, बसायला गादी, एक तराजू, एक कसोटीचा दगड आणि बोलायला स्वतः रुद्रप्पा. त्यातलं बोलणं सगळ्यात जास्त. गिऱ्हाइकानं दागिना पुढं केला की हा आधी तो उलटा करायचा. "पुढून बाईमाणसानं बघावा, मागून मी," असं म्हणायचा आणि मागच्या बाजूला घडवणाऱ्यानं मारलेला ठसा शोधायचा.

दागिना कुणी घडवला हे कळलं की चांदी कशी आहे ते वेगळं विचारायला नको, असा त्याचा हिशेब. युसूफ वडगावच्या धुळाजीचे दोन ठिपके. माल चोख, पण सांधे जोडायचं झाळकाम गबाळं. अंबाजोगाईच्या बद्रीनाथची चांदणी, एका टोकाला बोथट. हा गृहस्थ पावसाळ्यात खरा आणि लगीनसराईत लबाड. झिजून गेलेला ठसाही रुद्रप्पा नुसत्या अंगठ्यानं ओळखायचा. शंका आली तरच दागिन्याला काप द्यायचा, म्हणजे छिन्नीनं खाच पाडून आतली चांदी बघायची. बायकांना काप म्हणजे जिवावर यायचं. एकदा काप बसला की तो दागिना पुन्हा पायात घालवत नाही, घातला तर चारजणी विचारतात.

पण एका ठशाला तालुक्यात कुणी कधी काप दिला नाही. तो ठसा बेलपानाचा. तो रुद्रप्पाच्या बापाचा, मन्मथप्पांचा. लिंगायत वाण्याच्या घरात हातोडी कुठून आली कोण जाणे, पण मन्मथप्पांनी हयातभर तोडे आणि वाळे घडवले. ते गेल्यावर थोरल्या रुद्रप्पानं गादी धरली आणि धाकट्या चन्नप्पानं हातोडी. चन्नप्पा नेकनूरला बिऱ्हाड करून राहिला. भावाभावांत वैर नव्हतं, पण थोरल्याला धाकट्याची पारख नव्हती, एवढं खरं. साऱ्या जिल्ह्याचे सोनार ओळखणाऱ्या माणसाला घरचा माणूस ओळखता येऊ नये, याला काय म्हणावं?

बहात्तर साली पाऊस पडलाच नाही. गावंच्या गावं खडी फोडायला गेली. माणसांना कामावर खायला सुकडी तरी मिळे, जनावरांना तीही नव्हती. तेव्हा केजच्या सहकारी सोसायटीनं बाहेरून कडबा आणवला आणि ठरवलं, की चांदी तारण ठेवा, वैरण न्या. चांदी पारखायला रुद्रप्पाला बसवलं. चेअरमन सुंदररावांनी सांगून टाकलं, "बेलपान असंल तर काप देऊ नका. रुद्रप्पा म्हनंल ती चांदी." रुद्रप्पाची छाती किती फुगली ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून तो धुतलेला फेटा बांधू लागला.

एका सकाळी युसूफ वडगावची छबुबाई सोसायटीत आली. खडी फोडून हातांच्या चिंध्या झालेल्या. घरी बैलजोडी उपाशी होती; एक बैल बसला होता, उठत नव्हता. तिनं पायातले तोडे काढून ठेवले. रुद्रप्पानं उलटे केले. बेलपान. त्याच्या तोंडावर हसू आलं आणि तिथंच थिजलं. तोड्याची आतली बाजू घोट्याला घासून घासून झिजली होती आणि तिथं ज्वारीच्या दाण्याएवढा डाग होता, तांबडा.

त्यानं अंगठा डागावर ठेवला.

"काय झालं, रुद्रप्पा?" छबुबाई म्हणाली.

"काय न्हाई. आमच्या अप्पांचा ठसा हाय. वैरण घिऊन जा."

ती गेली आणि रुद्रप्पा मनाशी हिशेब करू लागला. बापानं असं करणं शक्य नाही. मग ठसा कुणाच्या हाती राहिला? ज्याच्या हाती हातोडी राहिली त्याच्या. त्यानं दुपारची एस.टी. धरली आणि नेकनूर गाठलं.

चन्नप्पा भट्टीपुढं बसला होता. रुद्रप्पानं उभ्याउभ्याच विचारलं, "अप्पांचा ठसा कुठं हाय?"

"मातीत. त्यांच्या उजव्या हाताशी ठिवला. तू बी व्हतास की माती द्यायला."

"मी न्हाई बघितला."

"तू रडत व्हतास, दादा. कसा बघशील?" चन्नप्पानं चिमटा खाली ठेवला. "कावून इचारतोस ते सांग."

रुद्रप्पानं सांगितलं. धाकट्यानं भाता थांबवला. मग म्हणाला, "मी केलं न्हाई. वैनीच्या पायातले तोडे अप्पांनी तुझ्या लग्नात घडवलेत. तवा मी शाळंत व्हतो. त्याला काप दे, आन मंग माझ्याकडं ये."

बापाच्या चांदीला काप! रुद्रप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो पाणीही न पिता परत फिरला.

अशी गोष्ट अंगठ्याखाली किती दिवस राहणार? आठवडाभरात सोसायटीच्या तारणाच्या पेटीतला आणखी एक तोडा कुणाच्या तरी नजरेला लाल दिसला. "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा," लोक बोलू लागले. सुंदररावांनी निरोप धाडला, की उद्यापासून बेलपानालाही काप द्यायचा, आणि लाल निघालं तर वैरण बंद.

रुद्रप्पाला अन्न गोड लागेना. गप्प बसावं तर सोसायटी बुडते. काप द्यावा तर ज्या ज्या बायकांनी बापाच्या नावावर विश्वास ठेवला त्यांचे दागिने जातात, आणि बापाचं नाव जातं. शेवटी त्याला एक वाट दिसली, आणि ती दिसली याचा त्याला आनंद झाला, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ओट्यावर बायकांची गर्दी होती. छबुबाईही वैरणीसाठी पुन्हा आली होती. रुद्रप्पा नीलाबाईला, आपल्या बायकोला, संगं घेऊन आला. उभा राहून म्हणाला, "माझ्या बापाची चांदी दुधावानी हाय. खोटं काम माझ्या भावानं, चन्नप्पानं केलंय. अप्पांच्या माघारी त्यानं ठसा वापरला. जुनं काम कसं हाय ते आत्ता दावतो."

"ऱ्हाऊ द्या," नीलाबाई हळूच म्हणाली.

तिच्या घोट्यांना नेहमी फडक्याची पट्टी बांधलेली असायची. तोडा घासतो म्हणून, असं ती सांगायची. रुद्रप्पानं तोडा काढून घेतला, ठोकळ्यावर ठेवला, छिन्नी धरली आणि घाव घातला.

खाचेतून लाल तांबं चमकलं.

ओट्यावरच्या बायकांनी एकेक करून पाय लुगड्याखाली ओढून घेतले. रुद्रप्पा खाचेकडं बघत राहिला. मग त्यानं बायकोकडं बघितलं.

"मला म्हाईत व्हतं," नीलाबाई म्हणाली. "मामंजी असतानाच लाल दिसलं व्हतं. म्हनून तर पट्टी बांधली."

"मला सांगितलं कावून न्हाईस?"

"कसं सांगू? ठसा दिसला की तुमी डोळे मिटता."

बेलपानाला कुणी काप देत नाही, हे मन्मथप्पांनाही ठाऊक होतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला, म्हणूनच तर पंचवीस वर्षं झाकून राहिलं. काही तोडे चोख होते, काही नव्हते. कोणते, ते आता छिन्नीच सांगणार होती.

रुद्रप्पानं फेटा काढून मांडीवर ठेवला. "चेअरमनसाहेब," तो म्हणाला, "चन्नप्पानं केलं न्हाई. माझ्या बापानं केलं. बेलपानाचं जेवढं लाल निघंल, त्याच्या बदल्यात माझ्या दुकानातली चांदी तुमच्या पेटीत टाका. बायकांची वैरण बंद करू नका." सुंदरराव हो म्हणाले. छबुबाईनं आपला कडबा डोक्यावर घेतला आणि निघाली. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण तिचा बैल वाचला.

दुकान पार रिकामं झालं. पुढं रुद्रप्पा दुसऱ्यांच्या गादीवर बसून मोड पारखायचा. ठसा तो अजूनही बघायचा, कुणाचा ते सांगायचा, पण काप दिल्याशिवाय चांदीबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. बायका शिव्या घालायच्या, तो ऐकून घ्यायचा.

पण त्याआधी, काप दिला त्याच दिवशी, तो नेकनूरला गेला होता. चन्नप्पा भट्टीपुढंच होता. त्यानं मान वर केली नाही.

"काप दिलास?"

"दिला. चारचौघांत दिला."

"आन माझं नाव?"

"ते बी चारचौघांतच घेतलं," रुद्रप्पा म्हणाला. "काप द्यायच्या आधी."

चन्नप्पाची बायको शिवम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि नवऱ्याकडं बघत आतल्या उंबऱ्यातच थांबली. त्या साली घोटभर पाण्यासाठी कोसभर चालावं लागत होतं. चन्नप्पा घे म्हणाला नाही, नको म्हणाला नाही, नुसता भाता चालवत राहिला. रुद्रप्पा तांब्याकडं बघत दारात उभा होता.