दोन अँड्र्यू आन् एक गोपिका

आज पंच्याऐंशी साली नागपूरच्या महाल भागातलं माहं टायपिंगचं दुकान गोपिका चालवते आन् मी कोपऱ्यात बसून कुरकुर करतो. तेरा वर्षांआधी याच बाईले मी हाकललं होतं. माहा स्वभावच तसा, तोंड आधी चालते, डोकं मागून.

बहात्तरच्या उन्हाळ्यात ती कामाले आली. वय तीसेक, माहेर हिंगण्याकडचं. अर्जावर नुसतं 'गोपिका' लिहिलेलं. मी खेकसलो, "पुढं नवऱ्याचं नाव काहून नाही वं?"

"ते सोडून आली, भाऊ."

नवरा मारत होता. बाप म्हणे, नांदाले परत जा. माय रुखमाबाई दारात आडवी झाली, दिवाळीपर्यंत तरी पोरीले राहू द्या म्हणे. तोवर नोकरी टिकली तं ठीक, नाही तं बाप तिले त्याच घरी पोचवून देणार होता. मराठीत तिची बोटं झरझर चालत होती, इंग्रजी मात्र अक्षर अक्षर पाहून. मी तिले ठेवलं आन् बजावलं, "चुकली तं दुसऱ्या दिवशी येऊ नको."

पावसाळ्यात वामनराव प्राध्यापक आपला प्रबंध टाइप कराले घेऊन आले. दोन वर्षं अमेरिकेत राहून आलेला माणूस. विषय काय, तं तिथल्या मॅकार्डन घराण्याचा इतिहास! अमेरिका इंग्रजायच्या ताब्यात होती तेव्हा स्कॉटलंडचा एक अँड्र्यू जहाजानं व्हर्जिनियात गेला. तंबाखू पिकवला, गुलाम राबवले. नातवायच्या काळापर्यंत गव्हर्नर त्यायच्या घरी जेवाले येऊन राहिला होता.

मी म्हटलं, "सर, नागपुरात का घराणी कमी आहेत?"

"रुपराव, घराणी सगळीकडं सारखीच असतात," ते म्हणाले.

चारशे पानं, पाच प्रती, मधात कार्बन. गोपिकेनं आधी वंशावळ टाइप केली, समोरच्या खिळ्याले टांगली, आन् मग बाकीच्या कामाले लागली. दसऱ्याच्या आधी वामनराव गठ्ठा न्याले आले. चार पानं चाळली आन् त्यायचा चेहराच उतरला.

"अँड्र्यू जेम्स मॅकार्डन? अँड्र्यू रॉबर्ट मॅकार्डन? हे बापाचं नाव कुणी घुसवलं?"

मी कपाळावर हात मारला. बाईनं प्रत्येक माणसाच्या नावात बाप घातला होता, आपल्या रेशन कार्डावर असते तसा. "अवं, तुले कोणं सांगितलं होतं हे शहाणपण? आता खोडत बस दोन हजार पानं! उद्यापासून येऊ नको!"

ती मशीनवरून उठली. "भाऊ, पहिल्या अँड्र्यूचे दोन नातू, दोघंही अँड्र्यू. कोणता कोणाचा हे कळाले नको? आमच्या घरी दोन धोंडबा आहेत, दोघायलेही आज्याचं नाव. एक माह्या बापाचा, एक रामाजीकाकाचा. बाप नाही सांगितला तं एकाचा बैल दुसऱ्याच्या गोठ्यात जाते."

"दोन नाहीत, एकच!" वामनराव ओरडले. "दुसरा लहानपणीच गेला."

"मंग त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काहून आहे, सर?"

वामनराव खिळ्यावरच्या वंशावळीकडं वळले. वंशावळीत ते चिन्ह त्यायनंच टाकलं होतं. गोपिकेनं एक पान उपसलं. "हे अँड्र्यूनं मोठेपणी लिहिलेलं पत्र पहा. ब्रदर विल्यम लिहिलं आहे. ब्रदर म्हणजे भाऊच ना? विल्यम तं रॉबर्टचा पोरगा. जेम्सले एकच पोरगा होता."

आता गंमत ऐका. प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण होतं, अँड्र्यूचं डळमळतं मन. इंग्रजायविरुद्ध बंड झालं तेव्हा हा गडी आज बंडवाल्यायच्या सभेत, तं उद्या राजाच्या नावानं शपथ घेऊन राहिला. का बा असं? वामनरावनं त्यावर साठ पानं लिहिली होती. आन् मन कोणाचंच डळमळलं नव्हतं! दोघं चुलतभाऊ होते, एक इकडं, एक तिकडं. थोरल्या पोराले आज्याचं नाव द्यायची त्यायची रीत वामनरावनंच पहिल्या प्रकरणात लिहिली होती. लेकाचे आडनावात 'मॅक' लावते, म्हणजे अमक्याचा पोरगा, आन् नेमका बापच सांगत नाही!

वामनराव स्टुलावर बसले. मले वाटलं, आता हे रडते. ते हसाले लागले. "सहा वर्षं, रुपराव! सहा वर्षं मी दोन माणसांना एकाच सदऱ्यात कोंबून बसलो होतो. परीक्षकांनी माझी सालटी काढली असती. या बाईंनी वाचवलं."

मले माहीच लाज वाटली. गोपिका आपली पिशवी उचलून दारापाशी उभी होती. बोललेला शब्द गिळावा कसा? मी म्हटलं, "उद्या येऊ नको म्हटलं, आज जा नाही म्हटलं. बस वं. साठ पानं नव्यानं करा लागते. आन् उद्याही ये."

तेव्हा कुठं ती रडली.

दिवाळी आली, गेली. गोपिका कामावरच होती, बाप गप्प बसला. पुढच्या साली प्रबंध पुरा झाला. शेवटी आभाराचं पान राहिलं होतं. वामनरावनं लिहून दिलं, 'श्रीमती गोपिका', आन् पुढं जागा मोकळी सोडली. "बाकीचं तुम्ही भरा."

मशीन थांबली. मी वाट पाहून राहिलो. मंग खडखड झाली आन् मी वाकून पाहिलं: गोपिका रुखमाबाई.

"अवं, मायचं नाव कोणी लावते का?"

"मले घरात कोणं घेतलं, भाऊ?"

पाचही प्रतीत तेच नाव उमटलं होतं. मी काही खोडाले लावलं नाही.