बागुल सर बोलले तेव्हा

डी.एड.च्या वर्गातून बाहेर पडले आणि सरांच्या मुलाचा, राहुलदादाचा फोन आला. "पप्पा गेले गं," एवढंच तो बोलला. त्याला आता महिना होऊन गेला. मला असं लिहायची सवय नाही, आमच्या घरातून कॉलेजला आलेली मीच पहिली. पण सरांबद्दल कोणीतरी सांगायला हवं, असं वाटत राहतं...

पेठकडच्या आमच्या पाड्यावर सर पहिलीला शिकवायचे. आमची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. मी शाळेत जायचे, पण तोंड उघडायचे नाही. घरचे द्राक्षबागांवर मजुरीला निघाले तेव्हा चुलती मला न्यायला शाळेत आली. "मुकी हाय ही. हितं बसून काय करल? बागेत लहानग्याला तरी सांभाळंल." सर म्हणाले, "मुकी नाय वहिनी, ऐकून घेतेय. तुमच्याइतकी घाई नाय तिला." चुलतीला हसू आलं. मी शाळेत राहिले.

सरांची एक रीत होती. प्रश्न विचारला की ते आमच्याकडे पाठ करून कोराच फळा पुसत राहायचे. कोणाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. एकदा विचारलं, "शेळी काय खाते?" बराच वेळ फळा पुसणं चाललं होतं... आणि मी आमच्या बोलीत म्हणाले, आमची शेळी मेली. शाळेतलं माझं ते पहिलं वाक्य. सरांनी कौतुक केलं नाही, बोलीही सुधारली नाही. तसंच पाठमोरं राहून विचारलं, "कधी गं?" मग मी रडत रडत सगळं सांगितलं.

यंदा सरांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मी नाशिकच्या दवाखान्यात गेले तेव्हा राहुलदादा त्यांना मोबाइलवर चित्रं दाखवत होता. "पप्पा, हे काय? बोला ना. आं...बा." सरांच्या पत्नी, काकू म्हणाल्या, "अहो, पोरासाठी तरी बोला." सरांनी डोळे मिटून घेतले. बोलता येण्याच्या कितीतरी आधी मुलाला समजायला लागतं, हे आम्हाला कॉलेजात नुकतंच शिकवलं होतं. सरांनाही सगळं समजत असावं...

"दादा, थोडं थांबू या ना," मी भीत भीत म्हटलं. सरांकडे पाठ केली आणि ओढणीने खिडकीची काच पुसत राहिले. दादाने मोबाइल बाजूला ठेवला. खूप वेळाने मागून आवाज आला, "घ...र."

दादाला रडू फुटलं. काकूंनी हात जोडले. नर्सबाई धावत आल्या, "अरे वा काका!" दादाने घाईघाईने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. सर पुन्हा म्हणाले, "घर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर बोलले, याचाच आनंद इतका होता की ते काय म्हणाले, हे त्या खोलीत कोणी विचारलं नाही. काही दिवसांनी त्याच खाटेवर ते गेले.

तो व्हिडिओ काकू रोज लावतात. सर "घर" म्हणतात, टाळ्या वाजतात, दादाचा आवाज येतो, "अजून एकदा, पप्पा! अजून एकदा!" सर आमच्याकडे बघत नाहीत. दाराकडे बघत राहतात.