तीनशे साठ श्वासांची सोबत

वैद्यराज नारोपंतांना मी प्रथम भेटलो तो रोगी म्हणून. त्यांच्या साठीशांतीच्या प्रसंगी हे लपवण्याचे कारण नाही. मी तांबट, घटिकापात्रे घडवतो. अक्षरे नि गणित कोणाही गुरूवाचून शिकलो. पाण्यावर सोडलेले माझे पात्र तळाच्या छिद्रातून भरत बरोबर एका घटकेला बुडते. केसभर फरक मला खपत नाही.

धाकटा भाऊ फौजेबरोबर उत्तरेत गेला, तो परतला नाही. माझा हातोडा थांबला. मग जेवण, मग बोलणे. जगावेसेच वाटेना. आळीने निदान केले, "झपाटलाय!" मिरच्यांची धुरी सिद्ध झाली. कुटुंबाने धावत जाऊन नारोपंतांना आणले. त्यांनी निखारे बाहेर ठेवायला लावले.

"भूत असतं तर तुमच्या गलक्यानंच पळालं असतं. तापानं फणफणलेल्याला धुरी देता का? तसंच यांचं मन आजारी आहे." मग मला म्हणाले, "रोज एक घटका माझ्यापाशी बसा. बोललंच पाहिजे असं नाही."

त्यांच्या पडवीत पाण्याचे घंगाळ, त्यात घटिकापात्र. ते बुडेपर्यंत नारोपंत दुसरे काम हाती घेत नसत. सरदाराचा माणूस आला तरी त्याला बोटानेच थांबवीत. मी नुसता श्वास मोजी. घटकेचे श्वास तीनशे साठ. इथे तीनशे चाळीसच भरत. आधी वाटले, माझाच श्वास बिघडला. सव्विसाव्या दिवशी राहवेना.

"वैद्यबुवा, आपलं पात्र लवकर बुडतं."

कित्येक महिन्यांतले माझे पहिले शब्द ते.

"असं? बघा बरं."

पात्र उलटे केले. तळाशी माझीच खूण! भावाची बातमी आली त्या आठवड्यातले काम. छिद्र मोठे पडलेले. मला रडू आवरेना.

"ठाऊक होतं मला," नारोपंत म्हणाले. "अहो, दुःखात हात चुकतो. म्हणून तो टाकून द्यायचा नसतो. आई गेली तेव्हा वर्षभर मला एक पुडी धड बांधता आली नव्हती."

तिथेच बसून मी ते छिद्र ठोकून बारीक केले. त्या रात्री पोटभर जेवलो.

आज त्या पडवीत मूल गमावलेली बाई बसते, लढाईहून परतलेला, पानाच्या सळसळीने दचकणारा शिलेदार बसतो. प्रत्येकाला पुरी घटका मिळते. पात्र मी दरवर्षी तपासून देतो.

साठीनिमित्त नवे पात्र अर्पण करतो आहे. केसभर चुकलेली अकरा मोडली, हे बारावे. ते तीनशे साठाव्या श्वासालाच बुडेल. पण नारोपंतांच्या आयुष्याचे पात्र घडवताना मात्र देवाचा हात चुकलेला असावा, छिद्र फार फार बारीक पडलेले असावे आणि निरोगी देहाने ते आम्हांपाशी असेच बसून राहावेत. माप चुकावे अशी प्रार्थना मी जन्मात प्रथमच करतो आहे.